सर्दूकच्या घशातला काटा

नजीया भित्री आहे हे केर्केना बेटावरच्या तिच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिनेही ते कधी नाकारलं नाही. नवऱ्याची होडी दिसायला जरा उशीर झाला की ती गच्चीवर. मुलगी शिंकली की हात तिच्या कपाळावर. सिरीन तान्ही असताना ती झोपेत श्वास घेते आहे ना, हे बघायला नजीया तिच्या नाकाखाली छोटा आरसा धरायची. एकदा शेजारच्या शाफीयाने ते खिडकीतून पाहिलं आणि मग काय, नजीया रस्त्याने निघाली की भिंतीपलीकडून आवाज यायचाच, "काय गं, आरसा घेतलास ना बरोबर?"

नजीया हसायची. सिरीनच्या आधी तिची दोन बाळं पोटातच गेली होती, आणि त्या दोन्ही वेळी तिला आंघोळ घालायला शाफीयाच आली होती. त्यामुळे त्या चिडवण्यात विष नव्हतं. सिरीन आता आठ वर्षांची झाली होती, गुडघे कायम सोललेले, केसांत कायम वाळू. तिच्यानंतर काही झालं नाही. जे होतं ते हे एवढंच.

जन्मभर नको तिथे भ्यालेली ही बाई, भ्यायला हवं होतं त्या दिवसांत मात्र सगळ्यांबरोबर हसत होती. हेच तिच्या मनातून पुढे कधी गेलं नाही.

सर्दूक म्हणजे कोंबडा. कुत्र्याचं हे नाव लझहरने ठेवलं होतं, नजीयाच्या नवऱ्याने. होडीत जाळ्याखाली दडून बसलेलं ते पिल्लू घरी आणलं, तर पहिल्याच पहाटे अजानच्या आधी त्याने सगळ्या घराला उठवलं. लझहर डोळे चोळत म्हणाला, "कुत्रं आणलं म्हणून आणलं, निघाला कोंबडा." तेच नाव पडलं.

सर्दूक बागेत राहायचा. बाग म्हणजे घरामागचा वाळूचा तुकडा. त्यात चार खजुरी, एक अंजीर, भिंतीला लागून निवडुंग आणि नजीयाच्या सासऱ्याने लावलेला द्राक्षवेल. कुत्र्याने उंबरठा ओलांडायचा नाही असा उम्मी शदलीयाचा कायदा होता. उम्मी म्हणजे लझहरची आई. कुत्र्याचं तोंड नापाक, त्याला हात लागला तर आधी माती चोळायची आणि मग सात वेळा धुवायचं, हे तिने सिरीनला बोलायला शिकवण्याआधीच शिकवलं होतं. सिरीन नळावर मोठ्याने मोजत हात धुवायची आणि धुऊन झाले की पुन्हा जाऊन त्याच्या मानेत तोंड खुपसायची. मग पुन्हा नळ.

"ही मुलगी अर्धं बेट धुऊन समुद्रात घालवणार," उम्मी म्हणायची.

त्या थंडीत एके सकाळी सर्दूकचा जबडा लोंबलेला दिसला. तोंड मिटत नव्हतं. लाळेची तार जमिनीपर्यंत. पाण्याच्या भांड्याशी जायचा, वास घ्यायचा आणि मागे फिरायचा. आवाज बसलेला, भुंकायला गेला की घोगरं काहीतरी बाहेर यायचं.

बेटावर कुत्री माशांच्या डोक्यांवर जगतात. कुत्र्याच्या घशात काटा अडकणं म्हणजे इथे कोणी मान वर करून बघावं अशीही गोष्ट नाही. माणसांच्याही घशात अडकतो. ज्याने ज्याने सर्दूकला पाहिलं त्याने एकच शब्द उच्चारला, काटा. लझहरने त्याचं डोकं गुडघ्यांत धरलं, तोंड उन्हाकडे केलं आणि मनगटापर्यंत हात आत घातला.

"काही लागत नाहीये. खोल गेलाय."

"अरे लझहर," शाफीया भिंतीवरून वाकून म्हणाली, "कुत्र्याला काटा लागलाय आणि बायको तुझी पांढरी पडलीय. आधी तिच्या घशात बघ!"

सगळे हसले. नजीयाही हसली.

उम्मी ओसरीवरून म्हणाली, "तेलात बुडवलेला पावाचा गोळा द्या. न चावता गिळला की काटा घेऊन खाली जातो. तुझ्या नवऱ्याला लहानपणी मी किती वेळा दिला असेल."

गोळा त्याच्यापुढे ठेवला. सर्दूकने बघितलंही नाही. निवडुंगामागे सावलीत जाऊन बसला आणि मग बोलावलं तरी येईना. ऑक्टोपस पकडायला सोडलेली लझहरची मडकी समुद्रात होती, हंगामाचे दिवस, पहाटे निघायचा तो दुपारी परतायचा. नजीयाला धुणं, उम्मीचे गुडघे, सिरीनची शाळा. काटा एकतर निघेल नाहीतर नाही निघणार, असं धरून सगळे चालले होते.

एका सकाळी सर्दूक निवडुंगामागे पाय ताणून पडलेला सापडला. मुंग्या लागल्या होत्या.

लझहरने त्याला अंजिराखाली पुरायचं ठरवलं. बेट इतकं सखल की गुडघाभर खणलं की खालून खारं पाणी झिरपायला लागतं. खोल खड्डा कोणालाच मिळत नाही. त्याने स्वतःचा जुना लोकरी झगा आणला, थंडीत होडीवर घालायचा तो.

"झगा कशाला? कुत्र्याला?" उम्मी म्हणाली.

"खाली ओलं आहे, उम्मी," लझहर म्हणाला.

सर्दूकला गुंडाळलं, ठेवलं, वाळू लोटली. दुसऱ्या कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर चुनखडीचा दगड ठेवला. सिरीन सगळा वेळ हात पाठीमागे बांधून उभी होती. रडली नाही. नजीयाने तिला जवळ ओढलं तर ती लाकडासारखी ताठ. नजीयाला वाटलं, दुःखाने. रात्री जेवली नाही तेव्हाही तेच वाटलं.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. होड्या किनाऱ्यावर ओढल्या होत्या. नजीया बागेत नळाखाली ऑक्टोपस धूत होती, तेवढ्यात पशुखात्याचे सी मुन्सिफ, म्हणजे मुन्सिफसाहेब, फाटकाशी आले. शांत, गोलमटोल माणूस; गावात शेळ्यामेंढ्यांसाठी येणारा, सगळ्यांच्या ओळखीचा.

"सलाम, नजीया ताई. गावाच्या त्या टोकाला एक कुत्रं पिसाळल्यासारखं वागतंय, शेळीला चावलंय. बांधून ठेवलंय आम्ही. म्हणून घरोघरी विचारत फिरतोय. तुमच्याकडचा सर्दूक कुठाय?"

"गेला हो. काल पुरला." तिने ओल्या हाताने अंजिराकडे दाखवलं. "घशात काटा अडकला होता."

"काटा पाहिला कोणी?"

नजीयाने तोंड उघडलं. काटा. तिने लझहरकडे बघितलं. लझहर दारात उभा होता. त्याने उम्मीकडे बघितलं. काटा कोणीच पाहिला नव्हता.

"जबडा लोंबत होता?" सी मुन्सिफने हळूच विचारलं. "लाळ? पाण्याजवळ जायचा पण प्यायचा नाही? अंधारात जाऊन बसायचा?"

एकेका प्रश्नाला नजीया मान हलवत होती आणि तिच्या हातातला ऑक्टोपस हळूहळू खाली घसरत होता.

"टोचलं होतं त्याला, लसीची गाडी आली होती तेव्हा?"

गाडी आली होती. चौकात उभी होती, भोंगा वाजवत. पण तो ऑक्टोपसच्या हंगामाचा पहिला दिवस होता, गावातला एकूण एक पुरुष पाण्यावर. पुढच्या वर्षी बघू, असं लझहर म्हणाला होता. बेटावर कुठली आलीत पिसाळलेली कुत्री, ती तिकडे, समुद्रापलीकडे, मोठ्या जमिनीवर. असं तो एकटाच नाही, सगळेच म्हणत होते.

सी मुन्सिफ म्हणाले, "ताई, तो बहुतेक काटा नव्हता. तुम्ही सगळे आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. त्याला कोणाकोणाचा हात लागला?"

गावच्या दवाखान्यात नर्स वहीदाने कोणाला काही विचारायच्या आधी सुया काढल्या. पहिली लस लझहर, नजीया आणि सिरीन तिघांनाही दिली. लझहरच्या तळहातावर दोरांनी कापल्याच्या खुणा होत्या, आणि तोच हात मनगटापर्यंत आत गेला होता. त्याच्याकडे बघून वहीदाने ओठ दाबले. मग ती सिरीनसमोर गुडघ्यावर बसली.

"तुला चावला का गं सर्दूक? ओरबाडलं? दात लागला?"

"नाही."

"कधीच नाही?"

"मी गेलेच नाही त्याच्याजवळ."

आठ वर्षांत जी मुलगी एक दिवस त्याच्यापासून लांब राहिली नव्हती, ती हे सांगत होती.

वहीदाने तिला बाजूला घेतलं. "ताई, लस सुरू केली आहे, पण दात लागला असेल तर तेवढ्याने भागत नाही. दुसरं एक औषध आहे, ते इथे नाही, समुद्रापलीकडे स्फाक्सच्या मोठ्या इस्पितळात आहे. वाऱ्यामुळे बोट बंद आहे. दुपारनंतर वारा पडला तर सुटेल, मी फोन करून ठेवते. पण ते औषध जिथे दात लागला तिथेच, त्या जखमेतच भरतात. जागा कळली पाहिजे. तिच्या अंगावर बघा, शंभर ओरखडे आहेत. कुठे म्हणून टोचणार?"

"आणि नाही टोचलं तर?"

वहीदा सुया आवरायला लागली.

घरी येऊन नजीयाने सिरीनला ओसरीवर उजेडात उभं केलं, सगळे कपडे काढले आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवत गेली. हा ओरखडा? खजुरीचा. हा? दगडाचा. हा काळा डाग? सायकल. हा? माहीत नाही. माहीत नाही म्हणजे काय? माहीत नाही.

"पोरी, मी रागावणार नाही. बघ, शपथेवर सांगते, रागावणार नाही."

"नाही चावला."

"बाजारातला तिळाचा हलवा आणते. अख्खा डबा. तू एकटीने खा."

"नाही चावला मला."

"तुला कळतंय का काय होईल ते?" नजीयाचा आवाज फाटला. आणि काय होईल ते तिला या तोंडाने उच्चारताही येईना, तेव्हा तिने मुलीच्या मुस्काटात फाडकन मारली.

तिने सिरीनला कधी मारलं नव्हतं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. उम्मी उठून आली आणि नातीला शालीत गुंडाळत म्हणाली, "अगं, मारून बोलतात का मुलं! सिरीन, माझ्या काळजाच्या तुकड्या, मला सांग, कानात सांग."

सिरीनने शालीत तोंड लपवलं आणि दात गच्च मिटून घेतले.

त्याच वेळी फाटक वाजलं. सी मुन्सिफ परत आले होते, हातात फावडं, रबरी हातमोजे, आणि लझहरचंच मासे न्यायचं थर्माकोलचं खोकं, बर्फ भरलेलं. लझहर त्यांच्यामागे.

"त्याला बाहेर काढावं लागेल," सी मुन्सिफ अंजिराकडे जात म्हणाले. "डोकं तपासायला पाठवायचं आहे. गावात अजून किती जणांना–"

त्यांचं वाक्य पूर्ण झालं नाही. सिरीन शाल टाकून, तशी उघडी, बाग ओलांडून धावली आणि चुनखडीच्या दगडावर पालथी पडली.

"नका उघडू! नका उघडू त्याला!"

"सिरीन, ऊठ," लझहर म्हणाला.

"बाबा, नका ना! आत पाव आहे!"

वारा खजुरीच्या झावळ्या खडखडवत होता. नजीया जाऊन तिच्याशेजारी वाळूत बसली.

"कुठला पाव, बाळा?"

"मी घातला. तेलातला. उम्मी म्हणाली ना, काटा घेऊन खाली जातो. तो खात नव्हता म्हणून मी हाताने आत ढकलला. लांब ढकलला. मग तो खोकला. मग दुसऱ्या दिवशी तो–" ती दगडाला अजून घट्ट बिलगली. "मी मारलं त्याला, आई. बाबा उघडतील आणि पाव दिसेल."

उम्मीने डोक्यावरच्या पदराने तोंड झाकून घेतलं.

म्हणजे हे घेऊन ती दोन दिवस फिरत होती. हात पाठीमागे बांधून. आणि नजीयाला वाटत होतं, दुःख.

"तुझ्या पावाने नाही गेला तो," नजीया म्हणाली. "ऐक माझं. तो आजारी होता. घशात काटा नव्हताच. तू त्याला खाऊ घालत होतीस, बाळा, बाकी काही नाही. आता सांग, ढकलताना कुठला हात होता?"

"उघडणार नाही ना त्याला?"

नजीयाने वर बघितलं. सी मुन्सिफ फावड्यावर हात ठेवून उभे होते. त्यांनी हळूच मान हलवली; ती हो म्हणून की नाही म्हणून, ते तिने बघितलंच नाही.

"नाही उघडणार."

"अल्लाची शपथ?"

"अल्लाची शपथ," नजीया म्हणाली. लगेच म्हणाली. खोटी शपथ घेतलेल्या माणसाची जीभ जड होते असं तिने लहानपणी ऐकलं होतं. तिची काही झाली नाही.

सिरीनने उजवा हात पुढे केला आणि मधलं बोट उघडलं. नखाच्या मुळाशी, कातडीच्या घडीत, अंजिराच्या बीएवढा काळा ठिपका होता. नजीयाचं बोट सकाळपासून या ठिपक्यावरून दोनदा फिरलं होतं.

"मग काय केलंस? दात लागल्यावर?"

"धुतलं. आधी माती चोळली, मग सात वेळा. उम्मी सांगते तसं."

फोनवर वहीदाने विचारलं, "माती? जखमेत?" मग म्हणाली, "बरं. पाणी तरी लागलं. ताई, आता साबण लावा आणि धुवत राहा, नळ बंद करू नका. बोट सुटतेय, चारला. बोट चुकवू नका."

नजीया आणि सिरीन शाफीयाच्या भावाच्या गाडीतून धक्क्यावर गेल्या. शाफीया फाटकाशी उभी होती. तिने नजीयाच्या हातात साबणाची नवी वडी आणि पाण्याच्या दोन बाटल्या कोंबल्या आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. लझहर मागून येतो म्हणाला. कशाला मागून, ते सिरीनने विचारलं नाही. विचारू नये म्हणून नजीया तिच्याशी अखंड बोलत होती, मोठ्या इस्पितळाबद्दल, लिफ्टबद्दल, तिथल्या बाजारातल्या खाऱ्या बदामांबद्दल.

बोट सुटता सुटता लझहर आणि सी मुन्सिफ स्कूटरवरून आले. लझहरने खोकं मांडीवर धरलं होतं. भोवती सुतळीचे आडवेउभे फेरे, झाकणावर चिकटपट्टी. दोघे वर आले नाहीत. खाली गाड्यांच्या रांगेत, कठड्याशी बसले.

समुद्र अजून निवला नव्हता. बोट एका बाजूला कलायची आणि जरा थांबून परत यायची. किनारा मागे पडत नव्हता आणि पुढचा येत नव्हता. नजीयाने सिरीनचं बोट पुन्हा एकदा बाटलीतल्या पाण्याखाली धरलं, साबण लावला, चोळला. कातडी पांढरी सुरकुतली होती. दात लागून दोन दिवस झाले होते. किती दिवसांत ते विष बोटातून वर चढतं? कोपरापर्यंत आलं असेल का? तिला हे सगळं विचारायचं होतं आणि विचारायला कोणी नव्हतं, आणि असतं तरी तिने विचारलं नसतं.

"आई, बाबा तिकडे का बसलेत?"

"वर वारा आहे म्हणून."

"खोक्यात काय आहे?"

"ऑक्टोपस."

"आज तर होड्या गेल्याच नाहीत."

"कालचे आहेत."

सिरीन कठड्यातून खाली बघत राहिली. "बाबांना सांग, बर्फ बघा म्हणावं. मागच्या वेळी वितळला होता आणि सगळ्यांना वास आला."

"सांगते."

बोट कलली. एका गाडीचा हॉर्न आपोआप वाजला आणि कोणीतरी शिवी हासडली. सिरीन आईच्या कुशीत सरकली, हात मात्र तिने लांब, मांडीच्या पलीकडे ठेवला होता, कोणाला लागू नये असा.

"सर्दूकला जो आजार झाला," ती म्हणाली, "तो मला होणार का?"

"नाही."

"अल्लाची शपथ?"

दुपारी बागेत हे दोन शब्द किती चटकन निघाले होते. ते खोटे होते, आणि ती शपथ तिथे खाली, बर्फात, सुतळीने बांधून चालली होती. आता हे खरं व्हावं म्हणून नजीयाने स्वतःचा जीव काढून दिला असता, आणि आता मात्र घशातून आवाज येईना. दुपारच्या शपथेला जे तोंड लागलं तेच याही शपथेला लागणार. आणि अल्लाने त्या खोट्या शपथेचा हिशोब मागितला तर? याच शपथेवर मागितला तर?

"आई."

"हात दे," नजीया म्हणाली. "पुन्हा धुऊ."

"आत्ताच धुतला. शपथ घे ना, आई."

नजीयाने दुसऱ्या बाटलीचं झाकण फिरवलं. पाणी मुलीच्या फ्रॉकवर सांडलं. समोर स्फाक्सच्या बंदरातले पहिले दिवे लागले होते. सिरीन ओलं बोट हवेत धरून तिच्या तोंडाकडे बघत राहिली.